पँथरच्या हातात सुई होती



सिकलसेल हा चळवळीचा विषय नाही, असं मला आतापर्यंत तिघांनी ऐकवलं. पहिल्यानं १४ एप्रिलच्या तयारीच्या मीटिंगमध्ये, दुसऱ्यानं विहाराच्या ओट्यावर, आणि तिसरा तर असा माणूस की ज्याचं वाचून मी लिहायला लागलो. तो म्हणाला, "बाबू, हा दवाखान्याचा मामला आहे. आपण व्यवस्थेवर बोलायचं." मी मौद्याच्या एका राईस मिलमध्ये पोती उचलणारा माणूस. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं वाचन पोत्यावर बसून झालं. व्यवस्था हा शब्द मला पुस्तकात भेटला त्याच्या आधी लहान पोरांच्या वॉर्डात भेटला होता. तेव्हा या तिघांना उत्तर द्यायचं म्हणून हे लिहून राह्यलो. कोणाला राग आला तर येऊ द्या. पुढच्या अंकात जागा आहे, लिहा.

आधी रोग समजून घ्या, कारण भाषण करणाऱ्यांतल्या निम्म्यांना तोच माहीत नाही. रक्तातली तांबडी पेशी गोल असते, मऊ असते, बारीक नसेतून दबून-वाकून निघून जाते. सिकलवाल्याच्या पेशीत हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवर जो कण पाहिजे तो नसतो, त्याच्या जागी दुसराच बसलेला असतो. बिघाड एवढाच. पण अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, थंडी वाजली, की ती पेशी कडक होते आणि विळ्यासारखी वाकते. सिकल म्हणजे विळाच. आमच्या मायबहिणी धान कापतात तो. असे हजारो विळे नसेत अडकतात, रक्त थांबतं, आणि जिथं थांबतं तिथलं हाड ओरडतं. चांगली पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून अंगात रक्त नाही, म्हणून डोळे पिवळे.

तो आईबापाकडून येतो. दोघांकडून एकेक बिघडलेला जनुक आला तर पोर आजारी. एकाकडूनच आला तर पोर वाहक, म्हणजे धडधाकट, पोती उचलू शकतं, लग्न करू शकतं, त्याला काही होत नाही. आईबाप दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणाला चारात एक अशी शक्यता की लेकरू सिकलचं निघेल. पहिलं निघालं म्हणून दुसरं सुटलं असं नाही. दर वेळी पत्ते नव्यानं पिसले जातात.

आणि हा जनुक कोणाच्या पापातून आलेला नाही. तो हिवतापातून आला. जिथं मलेरियानं गावंच्या गावं निजवली, तिथं एकेरी जनुकवाला माणूस टिकला. जंगल, तलाव, धानाच्या बांध्या, पाण्यात उभं राहून रोवणी करणारी माणसं. ज्या जनुकानं पूर्वजांना जगवलं तोच आता नातवाला मारतो. विदर्भात तो आदिवासींत आहे, आपल्यात आहे, ओबीसींतही आहे. त्याला "महारांचा रोग" म्हणणारा भेटला तर तिथंच थांबवा.

आता माझ्या ताईचं पोट्टं. आज आठ वर्षांचं आहे. आठ महिन्यांचं होतं तेव्हा हातापायाचे पंजे सुजले. एकजण म्हणाली नजर, दुसरी म्हणाली बाहेरचं. डोळे पिवळे झाले तेव्हा कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. त्यानं डोक्यावर माळ ठेवली. माळ लांब होत जाते तशी कावीळ उतरते म्हणे. माळ लांब झाली, डोळे पिवळेच राहिले. घरात बाबासाहेबांचा फोटो, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून, आणि त्या फ्रेमखाली पोराच्या डोक्यावर माळ. ताईला मी बोल लावत नाही. ज्याच्या लेकराच्या रोगाचं नाव कोणी सांगत नाही, तो मिळेल त्या दुकानातून नाव विकत आणतो. विचारायचं तर त्यांना विचारा, ज्यांनी प्रतिज्ञा पाठ करून घेतल्या आणि रक्त तपासायला कधी सांगितलं नाही.

चौथ्या वर्षी पोट फुगलं. डाव्या कुशीत पाणथरी वाढली आणि अंगातलं रक्त तिनंच गिळलं. पोट्टं पांढरं पडलं, चुन्यासारखं. मौद्याहून १०८ च्या गाडीतून भंडारा रोडनं नागपूर. नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आम्ही १९ दिवस काढले. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की एका दवाखान्याची बातमी होते आणि बाकीचे सुटतात.

एका खाटेवर दोन पोरं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. ताई खाटेखाली चटई टाकून, भाऊजी बाहेर व्हरांड्यात चपला उशाला घेऊन. सरकारी रक्तपेढीत सिकलच्या रुग्णाला रक्त फुकट द्यायचा नियम आहे. नियम भिंतीवर होता. खिडकीतला माणूस म्हणाला, "डोनर आणा." भाऊजींनी स्वतःचं दिलं. दुसऱ्या पिशवीसाठी मी मिलमध्ये फोन केला. आले दोघं, एक मोमीनपुऱ्याचा मुसलमान हमाल आणि एक तेल्याचा पोरगा, बॉयलरवर काम करतो तो. दोघांची त्या दिवसाची हजेरी कटली. आम्ही सगळे ठेकेदाराच्या वहीतले, कोणाजवळ ई.एस.आय.चं कार्ड नाही. आणि तो कामगार विम्याचा विचार ज्या काळात सरकारी कागदावर आला, अडारकरांचा अहवाल १९४४ साली आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री कोण होते ते तुम्हाला माहीत आहे. ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी दोन-तीनशे जयभीम पडतात, त्या ग्रुपवरही मी रक्तगट टाकला होता. त्यावर अठरा जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

तिसऱ्या रात्री दुखणं चढलं. सिकलचं दुखणं बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, फोटोत हाड मोडलेलं नाही. पोट्टं आधी ओरडलं, मग ओरडायचंही थांबलं, नुसते दात वाजवत राहिलं. मी विचारलं कुठं दुखते बे, तर म्हणालं, "मामा, हाडात धान भरडून राह्यले." त्यानं मिल पाहिली होती. ताई कोंड्याची पुरचुंडी गरम करून कुठून आणणार, तर स्वतःच्या तळव्यानंच त्याचे गुडघे चोळत होती. सिस्टर आली, म्हणाली, "याचं रोजचंच नाटक आहे. संध्याकाळीच तर इंजेक्शन दिलं." दुसऱ्या सिस्टरनं मात्र स्टूल ओढून घेतलं, पोट्ट्याला पाणी पाजलं, डॉक्टरला उठवून आणलं. ती कोणत्या जातीची ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही.

हे "नाटक" जगभर ऐकू येतं. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या मेडिकल विद्यार्थ्यांना आणि शिकाऊ डॉक्टरांना काही प्रश्न विचारले. काळ्या माणसाची कातडी जाड असते, अशा प्रकारच्या खोट्या गोष्टींपैकी एखादी तरी खरी आहे, असं त्यातल्या निम्म्यांना वाटत होतं. ज्यांना तसं वाटत होतं त्यांनी काळ्याचं दुखणं कमीच धरलं. म्हणजे दुखणं मोजायच्या आधी माणूस मोजला जातो. आम्हाला हे समजवायला व्हर्जिनियाला जायची गरज नव्हती, पण पुराव्याला बरं पडतं.

घरी ताईची सासू म्हणाली होती, "तुह्या रक्तानंच आणलं हे." तपासणी झाली. ताई वाहक, भाऊजीही वाहक. त्या दिवसापासून सासू काही बोलत नाही, पण सॉरी हा शब्द तिच्या तोंडून निघालेला नाही. १९ दिवसांत भाऊजींची हजेरी गेली, ताईची रोवणी गेली, दोन बकऱ्या गेल्या, बचत गटाचे हप्ते तटले. औषध फुकट होतं, गोळ्यांच्या चिठ्ठीवर एक रुपया लागला नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. गरिबाला दवाखाना फुकट असला तरी दवाखान्यात बसणं फुकट नसतं.

आपल्या कव्वालीच्या कार्यक्रमात रमाईवर गाणं सुरू झालं की माणसं डोळे पुसतात. राजरत्न जुलै १९२६ मध्ये न्यूमोनियानं गेला. त्याच्या आधी गंगाधर, रमेश, इंदू. बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरं मातीत ठेवली. गाणाऱ्यावर नोटा उडतात. उडोत. मीही उडवल्यात. पण राजरत्नासाठी रडणारा जमाव गाव सुटून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वॉर्डात का पोचत नाही, तिथंही कोणाचा तरी राजरत्न पडून आहे, हे मला विचारायचं आहे, आणि मी ते माईकवरून विचारलं तेव्हा माईक काढून घेतला.

आता मुद्द्यावर येतो.

आपण पँथर हे नाव आणलं कुठून? अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ साली ऑकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी काढली. त्यांच्या हातातल्या बंदुका सगळ्यांना माहीत आहेत, काळी बेरेट टोपी माहीत आहे, उगारलेली मूठ माहीत आहे. हे किती जणांना माहीत आहे की १९७१ पासून या पँथरांनी वस्त्यावस्त्यांत सिकलसेलची तपासणी चालवली? दवाखाने काढले, घराच्या पायरीवर बसून पोरांची बोटं टोचली, रक्ताचा थेंब घेतला. मार्च १९७२ मध्ये ऑकलंडला मोठा मेळावा भरवला, त्यात हजारो लोकांना किराण्याच्या पिशव्या दिल्या आणि तिथंच रक्त तपासलं. त्याच महिन्यात आपल्या दहा कलमी कार्यक्रमात फुकट आरोग्यसेवेची मागणी घातली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: १९१० साली शिकागोत ग्रेनाडाहून आलेल्या एका काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तात हा रोग पहिल्यांदा छापून आला, आणि साठ वर्षं झाली तरी सरकारनं त्यावर पैसा लावला नाही, कारण मरतात ते काळे. मे १९७२ मध्ये निक्सनला सिकलसेलच्या कायद्यावर सही करावी लागली.

१९७२. हेच साल आहे ना दोस्तहो? याच साली मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी दलित पँथर उभी केली. नाव आलं, मूठ आली, भाषेतला जाळ आला. सुई आली नाही.

मी त्या पिढीला शिव्या देत नाही. त्यांच्यासमोर गावोगावचे बहिष्कार होते, विहिरीत टाकलेली माणसं होती, नागव्या करून फिरवलेल्या आयाबहिणी होत्या. ज्याच्या घराला आग लागली तो आधी बादली शोधतो, थर्मामीटर शोधत नाही. पण पन्नासावर वर्षं झाली. त्यानंतरच्या प्रत्येक गटानं, आणि गट किती झाले ते मोजायला मिलचा काटा लागेल, नाव घेतलं, झेंडा घेतला, एकमेकांचं खुर्चीवरचं कव्हर ओढलं. सुई कोणी उचलली नाही.

हा रोग आपल्याकडं आहे हे त्या काळी माहीत नव्हतं, असंही कोणी म्हणू नये. १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो सापडला. १९५८ साली शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. काम नागपूरचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या शहरात लाखो माणसांनी धम्म घेतला, त्याच शहरात दोन वर्षांच्या आत डॉक्टर सांगत होते की इथल्या माणसांच्या रक्तात हे आहे. ते इंग्रजी मासिकात गेलं आणि तिथंच राहिलं. वस्तीत आणून वाचायचं कोणी?

नागपुरात एकानं वाचलं. संपत रामटेके. घरातलंच लेकरू सिकलचं, म्हणून हा माणूस रस्त्यावर आला, सिकलसेल सोसायटी काढली, सरकारदरबारी अर्ज करून करून चपला झिजवल्या. अपंगांच्या कायद्यात सिकलसेल यावा म्हणून भांडला. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाच्या रांगेत सिकलसेल आला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, मरणोत्तर. एक बाप एवढं करू शकतो. मग एवढ्या मोठ्या चळवळीनं किती केलं पाहिजे होतं, याचं गणित तुम्ही घाला. आपल्या किती पोस्टरवर त्यांचा फोटो आहे? मी तरी मौद्यात एकही पाहिला नाही.

आता आतल्या गाठीकडे येतो, आणि इथं पुष्कळांना लागणार आहे. ९ मे १९१६ ला कोलंबियात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीचं मर्म दाखवलं ते बेटीबंदीत. आपल्यातच द्या, आपल्यातच घ्या. बाहेर जाऊ नका. १९३६ साली लाहोरच्या भाषणात, जे त्यांना करू दिलं नाही, त्यांनी खरा उपाय म्हणून आंतरजातीय लग्नाकडंच बोट दाखवलं. आता हेच रक्ताच्या भाषेत वाचा. लहान वर्तुळ, त्यात फिरत राहिलेला जनुक, वाहकाची गाठ वाहकाशी पडायची शक्यता जास्त. जातीनं आपल्याला विहीर नाकारली, देऊळ नाकारलं, जमीन नाकारली हे आपण जाणतो. तिनं रक्तही कोंडून ठेवलं. मलेरियानं जनुक दिला आणि बेटीबंदीनं त्याला बाहेर जाऊ दिलं नाही.

आणि आपण काय करतो? धम्म घेतला, जात सोडली, आणि स्थळ पाहायला गेलो की ओसरीवर पहिला प्रश्न: "बावणे का लाडवण?" कोसरे असला तर चहा पिऊन परत. सत्तर वर्षं होत आली दीक्षेला! बुद्धवंदना म्हणून लग्न लावतात, पंचवीस हजाराचा बँड, आणि पोटजात जुळलेली. मनूला शिव्या देता देता मनूचंच चूल-पोतेरं सांभाळणारे हे लोक मला चळवळीचा विषय काय आणि दवाखान्याचा विषय काय ते शिकवतात.

एक खुलासा करतो, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की मिलवाल्यानं अर्धवट सांगितलं. जातीबाहेर लग्न केलं की रोग टळला असं नाही. बौद्ध पोरगा वाहक आणि कुणब्याची पोरगी वाहक, तरी चारात एकचा हिशोब तोच. तपासणी लागतेच. पण वर्तुळ मोडलं तर ही गाठ पडायची वेळ कमी येते. आणि वाहकानं वाहक नसलेल्याशी लग्न केलं तर एकही लेकरू सिकलचं होत नाही. हे वाक्य वस्तीच्या प्रत्येक भिंतीवर चुन्यानं लिहिण्यासारखं आहे. कारण आमच्याकडं एका पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. का, तर कॉलेजच्या शिबिरात तिची तपासणी झाली, ती वाहक निघाली, कार्ड मिळालं. पोरानं स्वतःचं बोट कधी टोचूनच घेतलं नव्हतं! तो शुद्ध, ही बाटलेली. विटाळ गेला म्हणतात. कुठं गेला? कार्डात जाऊन बसला.

याबाबत पँथरांचंही सगळं बरोबर होतं असं नाही. त्यांची ती झटपट तपासणी वाहक आणि रोगी यांच्यात फरक करू शकत नव्हती, आणि धडधाकट माणसं उगाच घाबरली. तीच भानगड आजच्या पहिल्या तपासणीची आहे, म्हणून पॉझिटिव्ह आलं की इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी मागायची, कागद हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. अमेरिकेत पुढं वाहकांना नोकऱ्यांत, विम्यात त्रास झाला. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत १९८१ पर्यंत वाहकांना घेतच नव्हते. आणि लायनस पॉलिंग, दोन नोबेलवाला, ज्यानं १९४९ साली हा रोग रेणूचा बिघाड आहे हे दाखवलं तोच, १९६८ साली लिहून मोकळा झाला की वाहकांच्या कपाळावर गोंदवून टाकावं, म्हणजे तशीच दोघं एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. कपाळावर! पेशवाईत गळ्यात मडकं आणि कमरेला फडा होता. हुशार माणूस आणि भला माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विज्ञान आपल्या हातात नसलं की ते आपल्या कपाळावर येतं.

म्हणून सरकारच्या कार्डाकडे मी डोळे उघडे ठेवून पाहतो. १ जुलै २०२३ ला शहडोलला राष्ट्रीय मिशन सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी, ४० वर्षांपर्यंतच्या, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन. आदिवासी भागांवर भर. आदिवासींना आधी द्या, दुप्पट द्या, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. गोंडाचं लेकरू आणि आपलं लेकरू त्या वॉर्डात एकाच खाटेवर होतं. पण मौद्याच्या वस्तीत जो रोग आहे तो जातीचा दाखला पाहून अंगात शिरला नव्हता, तर मिशननंही दाखला पाहू नये. दुसरं, निर्मूलन म्हणजे कोणाचं? पुढचं लेकरू जन्मू नये यासाठी कार्ड आहे, समुपदेशन आहे, पोस्टर आहे. जे जन्मलं त्याच्यासाठी काय? पाच वर्षांखालच्या सिकलच्या पोरांना रोज पेनिसिलिन दिलं तर जीवघेणा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो, हे १९८६ साली सिद्ध झालं. म्हणजे रोग पाळण्यातच कळला पाहिजे, टाच टोचून, बाळंतिणीला घरी सोडायच्या आधी. माझ्या भाच्याचा चौथ्या वर्षी कळला. हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे, मूळची कॅन्सरची, अमेरिकेत सिकलसाठी १९९८ साली मंजूर झाली. महाग नाही. तिनं दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त द्यायची पाळी कमी येते. पण ती रोज खावी लागते, रक्त तपासत राहावं लागतं, महिन्यात एकदा साठा संपला की सगळं पाण्यात. आणि २०२३ च्या शेवटी जनुकच दुरुस्त करणारा उपचार ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला. किंमत २२ लाख डॉलर. आमच्या मिलचा मालक मिल विकून एका पोराचा करू शकणार नाही, हमालाचं तर सोडा.

कायद्याचीही गंमत पाहा. २०१६ च्या कायद्यानं सिकलवाल्याला अपंग मानलं. त्याच कायद्यात नोकरीतलं चार टक्के आरक्षण आहे, आणि त्या यादीत रक्ताचे रोग नाहीत. म्हणजे तू अपंग आहेस, आम्ही मान्य करतो, कार्ड घे, घरी जा. ज्याच्या खुब्याचं हाड विशीतच रक्ताविना सुकून बसतं, तो पोती उचलू शकत नाही, रोवणी करू शकत नाही, खुर्चीवरचं काम करू शकतो, आणि खुर्चीचीच दारं बंद. यावर मोर्चा निघालेला तुम्ही पाहिला? आरक्षणावर बोलणाऱ्यांनो, हेही आरक्षणच आहे.

आता भाचा शाळेत जातो. सिकलच्या पोराला पाणी सारखं लागतं, आणि पाणी प्यालं की लघवीला सारखं जावं लागतं. मास्तर म्हणतो, "बस खाली, तासात पाणी नाही." मी शाळेत गेलो. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. मास्तर काही वाईट माणूस नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आता पोट्ट्याची बाटली बाकावर राहते. १९२७ साली महाडला आपण कशासाठी गेलो होतो ते आठवा, आणि आपल्या गावच्या शाळेत किती बाटल्या बाकावर आहेत ते बघून या.

मौद्यात आम्ही पाचजण बसलो. मिलचे तिघं, एक अंगणवाडीवाल्या बाई, एक बी.एस्सी.चा पोरगा. ठरलं ते असं. वस्तीतल्या प्रत्येक लग्नाच्या पोरापोरीची तपासणी, आधी पोरांची, मग पोरींची. कार्ड दाखवायचं तर दोघांनीही दाखवायचं. रक्तदात्यांची यादी, गटवार, मोबाइलसकट, रात्री दोनला फोन केला तर उचलणारे. जो वॉर्डात बसेल त्याच्या हजेरीसाठी दर पगाराला वीस रुपये काढायचे. मिलच्या ठेकेदाराला ई.एस.आय.बद्दल लेखी विचारायचं, तोंडी बोलणं बंद. अपंगाच्या दाखल्यासाठी दर महिन्यात एकाला कामावरून सोडून नागपूरला पाठवायचं, कारण एकट्या माणसाला ती खिडकी परत पाठवते आणि दोघं गेले की कागद पाहते. आणि १४ एप्रिलला डीजेच्या गाडीमागं टेबल लावायचं. टेबलावर सुई, कापूस, स्पिरिट, आणि टोचणारा माणूस सरकारी दवाखान्यातला, शिकलेला.

टेबलाला मंडळाच्या अध्यक्षाची परवानगी अजून मिळालेली नाही. ते म्हणतात मिरवणुकीत रक्त दिसलं तर बरं वाटत नाही. आम्ही अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. यादीत आज सतरा नावं आहेत. ओ निगेटिव्ह एकही नाही, असेल त्यानं मिलच्या गेटवर, दुसरी पाळी सुटते तेव्हा, भेटावं.